कोरियन भाषेतील आदरार्थी नकारार्थी भूतकाळ : ‘आन’, ‘मोत्’ आणि ‘-जी आन्था’

अक्षरयात्री

कोरियन शिकू लागलेल्या मराठी भाषकाला ‘मी गेलो’, ‘मी खाल्ले’ ही वाक्ये फार त्रास देत नाहीत. ‘कादा’ म्हणजे जाणे आणि त्याचे आदरार्थी भूतकाळी रूप ‘कास्सॉयो’, एवढे पाठ झाले की गाडी चालू लागते. खरी अडचण ‘गेलो नाही’ म्हणताना येते, कारण तिथे एकाच वेळी तीन निर्णय घ्यावे लागतात : नकार कोणत्या प्रकारचा, तो क्रियापदाच्या आधी ठेवायचा की नंतर, आणि समोरच्या माणसाशी आपण किती अदबीने बोलत आहोत. हा धागा त्या तीन निर्णयांपुरताच ठेवावा, अशी विनंती आहे.

लेखनाविषयी थोडेसे. या धाग्यात आपण कोरियन शब्द देवनागरीत लिहू. कोरियनमधील विवृत ‘ऑ’ आणि संवृत ‘ओ’ हे दोन वेगळे स्वर आहेत. मराठीत ‘डॉक्टर’ आणि ‘ओढा’ यांतला फरक आपल्याला ऐकू येतो, त्यामुळे ते जपणे कठीण जाऊ नये. ओठ न वळवता उच्चारला जाणारा एक ‘उ’ मात्र आपल्याकडे नाही, त्यासाठी नाइलाजाने ‘उ’च लिहितो.

आता मूळ विषय. ‘आन’ हा शब्द क्रियापदाच्या आधी येतो : ‘आन गास्सॉयो’, म्हणजे ‘गेलो नाही’. दुसरी रचना लांब आहे. धातूला ‘-जी’ लावायचे आणि पुढे ‘आन्था’ या नकारवाचक सहायक क्रियापदाचे भूतकाळी रूप ठेवायचे : ‘काजी आनास्सॉयो’. अर्थ तोच. इच्छा असूनही किंवा प्रयत्न करूनही गोष्ट घडली नाही, तर ‘आन’च्या जागी ‘मोत्’ येते : ‘मोत् क्कास्सॉयो’, किंवा लांब रचनेत ‘काजी मोथॅस्सॉयो’. सभेत, मुलाखतीत, बातम्यांत वरच्या रूपांच्या शेवटी असलेल्या ‘-यो’ या आदरार्थी प्रत्ययाऐवजी ‘-सुम्निदा’ वापरतात : ‘आन गास्सुम्निदा’, ‘काजी आनास्सुम्निदा’.

इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यांना ‘आन’ आणि ‘मोत्’ यांतला भेद समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे तो मुळातच आहे. ‘लग्नाला गेलो नाही’ आणि ‘लग्नाला जाता आले नाही’ या दोन वाक्यांनंतर नातेवाइकांचे चेहरे कसे वेगवेगळे होतात, हे कोणत्याही मराठी घरात ठाऊक असते. ‘मोत् क्कास्सॉयो’ म्हणजे नेमके ‘जाता आले नाही’, ‘जमले नाही’. म्हणून माझे मत असे, की मराठी भाषकाने हा भाग इंग्रजीच्या वळशाने न शिकता थेट मराठीवरून शिकावा.

तळेगावचा दुभाषी

उत्तम धागा. मी कोरियन आणि भारतीय अभियंत्यांमध्ये दुभाष्याचे काम करतो, तेव्हा कारखान्यातल्या वापराविषयी थोडे लिहितो, कारण पुस्तकांत ‘मोत्’चा अर्थ ‘असमर्थता’ एवढाच दिलेला असतो आणि तो अपुरा आहे.

समजा, वरिष्ठांनी विचारले की अहवाल लिहून झाला का. त्यावर ‘आन स्सॉस्सॉयो’ असे उत्तर दिले, तर व्याकरण अचूक आहे, शेवटी ‘-यो’ही आहे, तरीही ऐकणाऱ्याला ते ‘नाही लिहिला, मग?’ अशा थाटाचे वाटू शकते, कारण ‘आन’मध्ये ‘मी तसे ठरवले’ ही छटा सहज येऊन बसते. तिथे ‘आजिंग मोत् स्सॉस्सुम्निदा’ असे म्हणतात. ‘आजिक्’ म्हणजे ‘अजून’. पुढे ‘म’ आल्यामुळे बोलताना त्याचा शेवट अनुनासिक होतो. ‘अजून लिहून झालेला नाही’ या मराठी वाक्यात जी नरमाई आहे, ती इथे ‘मोत्’ पुरवतो. थोडक्यात, आदर केवळ शेवटच्या ‘-यो’त नसतो, नकाराचा शब्द कोणता निवडला, यातही तो असतो.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. जिथे निर्णय उघडपणे आपलाच होता, तिथे ‘मोत्’ वापरला तर ती सबब वाटते. ‘दारू प्यायलो नाही’ हे सांगताना गाडी चालवायची होती म्हणून स्वतःहून टाळली असेल, तर ‘आन’च योग्य.

बैठकीच्या इतिवृत्तात तिसराच मार्ग दिसतो. तिथे कर्ताच अंतर्धान पावतो : ‘आजिक् क्यॉल्चॉंगद्वेजी आनास्सुम्निदा’, म्हणजे ‘अजून ठरलेले नाही’. कोणी ठरवले नाही, हे न सांगण्याची ही सोय मराठी कार्यालयांनाही चांगली परिचयाची आहे.

नवशिकी

मी टोपिकच्या, म्हणजे कोरियन भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या, पहिल्या स्तराची तयारी करत आहे, म्हणून दोन शंका विचारते. आधी लहान रचना शिकावी की लांब? आणि लांब रचना अधिक आदरार्थी असते, असे एका चित्रफितीत ऐकले. ते खरे आहे का?

अक्षरयात्री

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. लांबी आणि आदर यांचा थेट संबंध नाही. ‘आन गास्सॉयो’ आणि ‘काजी आनास्सॉयो’ या दोन्हींत आदराची पातळी एकच आहे, कारण ती शेवटच्या ‘-यो’ने ठरते. लांब रचना लेखनात, भाषणात, बातमीपत्रात अधिक आढळते. ती किंचित संथ आणि औपचारिक वाटते. घरात, दुकानात, मित्रमंडळीत लहान रचनाच कानांवर पडते.

पहिली शंका अधिक महत्त्वाची आहे. करायला सोपी लांब रचना, ऐकायला मिळणारी लहान. ‘-जी’ हा प्रत्यय कोशातल्या धातूला काहीही बदल न करता जोडता येतो, आणि भूतकाळ ‘आन्था’ला लागत असल्यामुळे त्याचे रूप सदैव ‘आनास्सॉयो’ हेच राहते. आता अनियमित क्रियापदे घ्या. ‘छुप्ता’ म्हणजे थंडी असणे. ‘थंडी नव्हती’ हे लहान रचनेत ‘आन छुवॉस्सॉयो’ असे होते, म्हणजे ‘प’ जाऊन ‘व’ आला. ‘तुत्ता’ म्हणजे ऐकणे. त्याचे भूतकाळी रूप ‘तुरॉस्सॉयो’, तिथे ‘त’चा ‘र’ झाला. हे बदल तोंडात बसलेले नसतील, तर ‘छुप्ची आनास्सॉयो’, ‘तुत्ची आनास्सॉयो’ म्हणून मोकळे होता येते. म्हणून बोलायला लांब रचनेने सुरुवात करावी आणि कान मात्र पहिल्या दिवसापासून लहान रचनेला सरावू द्यावेत. टोपिकच्या पहिल्या स्तरात केवळ श्रवण आणि वाचन असते, लेखन नसते. तेव्हा तिथे दोन्ही रचना ओळखता येणे पुरेसे आहे.

एक गट मात्र आत्ताच वेगळा काढून ठेवावा. नाम आणि ‘हादा’ (करणे) मिळून झालेल्या क्रियापदांत ‘आन’ मध्ये शिरतो. ‘कोंग्बुहादा’ म्हणजे अभ्यास करणे, आणि ‘अभ्यास केला नाही’ म्हणजे ‘कोंग्बु आन हॅस्सॉयो’. मराठीतही आपण ‘अभ्यास नाही केला’ म्हणतो, तसाच हा क्रम आहे. ‘फिगोनहादा’, म्हणजे थकलेले असणे, दिसायला तसेच आहे. पण ते विशेषणवाचक असल्यामुळे फुटत नाही : ‘आन फिगोनहॅस्सॉयो’. ‘चोआहादा’ (आवडणे) हेही फुटत नाही, कारण त्यातला ‘चोआ’ हे नाम नाही : ‘आन जोआहॅस्सॉयो’. लांब रचनेत हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही, ‘कोंग्बुहाजी आनास्सॉयो’ म्हटले की झाले.

संधीविच्छेद

उच्चारांवर लिहावेसे वाटते, कारण एकच ‘मोत्’ चार वेशांत वावरतो आणि नवख्याला ते चार वेगळे शब्द वाटतात.

मूळ लिपीत ‘मोत्’च्या शेवटी ‘स’चे अक्षर आहे, पण अक्षराच्या शेवटी तो ‘स’ उच्चारला जात नाही, अर्धवट ‘त्’ होऊन थांबतो. पुढे ‘क’ आला की तो ताठर होतो : ‘मोत् क्कास्सॉयो’. पुढे ‘म’ आला की ‘त्’चा ‘न्’ होतो : ‘मोन मॉगॉस्सॉयो’, म्हणजे ‘खाता आले नाही’. पुढे ‘ह’ आला की दोन्ही मिळून महाप्राण ‘थ’ : ‘मोथॅस्सॉयो’. आणि ‘वाचणे’ या क्रियापदाआधी तर मध्ये एक ‘न’ उपटतो : ‘मोन्निल्गॉस्सॉयो’. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतो, हे शाळेत शिकलेल्या माणसाला ‘मोन मॉगॉस्सॉयो’चे आश्चर्य वाटू नये. तो अगदी तोच संधी आहे.

‘-सुम्निदा’ची गोष्टही अशीच. लिहिताना तिथे ‘प’वर्गातले अक्षर असते, पण पुढच्या ‘न’मुळे त्याचा ‘म्’ होतो. आणि ‘आनास्सॉयो’ लिहिताना मध्ये ‘ह’ लपलेला असतो. स्वर पुढे आल्यामुळे तो ऐकू येत नाही. या लपलेल्या ‘ह’मुळेच ‘आन’ कधी लिहायचे आणि ‘आन्ह्’ कधी, याबाबत खुद्द कोरियन लोकही चुकतात. युक्ती अशी आहे, की ‘आन’ हे ‘आनी’चे आणि ‘आन्था’ हे ‘आनिहादा’चे संक्षिप्त रूप आहे. वाक्यात नुसते ‘आनी’ घालून अर्थ लागत असेल तर ‘ह’ नाही. ‘आनिहा-’ घालावे लागत असेल तर ‘ह’ आहे.

सुवॉनवासी

गेली काही वर्षे दक्षिण कोरियात राहत असल्यामुळे आदरार्थाविषयी दोन शब्द लिहितो. वर ‘-यो’ आणि ‘-सुम्निदा’ यांची चर्चा झाली, पण तो आदर ज्याच्याशी आपण बोलतो त्याच्यासाठी आहे. ज्याच्याविषयी बोलतो त्याचा आदर वेगळ्या ‘-शी-’ या प्रत्ययाने दाखवतात, आणि भूतकाळात तो ‘-श्यॉस्सॉयो’ असा ऐकू येतो. मराठीत ‘गुरुजी जेवले नाहीत’ यातला ‘नाहीत’ हा दुसऱ्या प्रकारचा आदर आहे. शेजारी लहान मूल ऐकत असो वा मंत्री, तो बदलत नाही. ऐकणाऱ्यासाठी आपल्याकडे काय आहे? ‘नाही हो, नाही गेलो’ यातला ‘हो’, आणि त्याच्या उलट ‘नाही रे’, ‘नाही गं’. मला ‘-यो’ समजला तो या ‘हो’मुळे. फरक एवढाच, की आपला ‘हो’ गाळला तरी चालतो. कोरियनमध्ये ‘-यो’ गाळला की वाक्य थेट मैत्रीच्या किंवा उद्धटपणाच्या पातळीवर जाते.

आता आजींविषयी बोलूया. ‘आजी अजून झोपल्या नाहीत’ हे ‘हाल्मॉनीक्केसॉ आजिक् आन जुमुश्यॉस्सॉयो’ असे होते. इथे झोपण्याचे क्रियापदच बदलले. ‘जेवल्या नाहीत’ म्हणजे ‘आन दुश्यॉस्सॉयो’. साध्या क्रियापदांना लांब रचनेत ‘काजी आनुश्यॉस्सॉयो’ असे रूप होते. स्वतःविषयी बोलताना ‘-शी-’ कधीही लावू नये.

‘असणे’ हे क्रियापद अधिक रंजक आहे. त्याचा नकार ‘आन’ने होत नाही, त्यासाठी स्वतंत्र शब्द आहे, ‘ऑप्सॉस्सॉयो’, म्हणजे ‘नव्हते’. पण आदरार्थात त्याच्या दोन वाटा होतात. ‘आजी घरी नव्हत्या’ : ‘चिबे आन ग्येश्यॉस्सॉयो’. ‘आजींना वेळ नव्हता’ : ‘शिगानी ऑप्सुश्यॉस्सॉयो’. पहिल्या वाक्यात आजी स्वतः कुठे तरी असण्या-नसण्याचा प्रश्न आहे, दुसऱ्यात त्यांच्याकडच्या वस्तूचा. दुसऱ्या वाक्यात ‘ग्येश्यॉस्सॉयो’ वापरले, तर आदर आजींना न मिळता वेळेला मिळतो.

‘जाणणे’ या क्रियापदालाही असाच स्वतंत्र नकार आहे : ‘मोल्लास्सॉयो’, म्हणजे ‘मला ठाऊक नव्हते’. संभाषणात हा शब्द इतक्या वेळा लागतो, की तो अगदी पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावा.

तळेगावचा दुभाषी

सुवॉनवासी यांनी आणखी एका गोष्टीवर लिहायला हवे होते. ते राहिले म्हणून मी लिहितो. नकारार्थी प्रश्नाचे उत्तर. ‘आन मॉगॉस्सॉयो?’, म्हणजे ‘जेवला नाहीत?’ असे कोणी विचारले आणि आपण खरोखर जेवलेलो नसू, तर कोरियनमध्ये उत्तर ‘ने, आन मॉगॉस्सॉयो’ असे असते, म्हणजे ‘हो, जेवलो नाही’. जेवलो असू, तर ‘आनियो, मॉगॉस्सॉयो’. प्रश्नातल्या विधानाशी आपण सहमत आहोत की नाही, हे ‘ने’ आणि ‘आनियो’ सांगतात. मराठीत ‘हो, नाही जेवलो’ आणि ‘नाही, जेवलो नाही’ ही दोन्ही उत्तरे ऐकू येतात, त्यामुळे आपल्या लोकांना हे नियम म्हणून पटते. पण कार्यालयात इंग्रजीच्या सवयीने उत्तर देणारे अनेक जण नुसते ‘आनियो’ म्हणून गप्प बसतात आणि समोरचा मनुष्य उलटा अर्थ घेतो. यंत्र बंद केले नाही ना, अशा प्रश्नात हा गोंधळ महागात पडू शकतो. म्हणून ‘ने’ किंवा ‘आनियो’च्या पुढे पूर्ण क्रियापद उच्चारावे, असा आग्रह मी धरतो.

नवशिकी

सर्वांचे आभार. एक नवी अडचण आहे. एका मालिकेत ‘कात्चानायो’ हा शब्द वारंवार ऐकला. त्यात ‘-जी आन्था’ दडलेले आहे असे वाटते, पण संदर्भ पाहिला तर तो माणूस गेलेला असतो. मग हा नकार कसला?

संधीविच्छेद

आपला कान बरोबर आहे. ‘-चानायो’ हे ‘-जी आनायो’ याचेच आकसलेले रूप आहे, पण वापरात त्यातला नकार उरलेला नाही. ‘कात्चानायो’ म्हणजे ‘गेला की हो!’, ‘गेला नाही का, तुम्हाला ठाऊकच आहे’. आपल्याकडच्या ‘सांगितले नव्हते का मी!’ या वाक्यातही नकार नुसता रूपापुरता असतो, प्रत्यक्षात ‘सांगितले होते’ असेच म्हणायचे असते. ओळखण्याची खूण भूतकाळाच्या जागेत आहे. ‘काजी आनास्सॉयो’मध्ये भूतकाळ नकाराला लागला, म्हणून खरा नकार. ‘कात्चानायो’मध्ये भूतकाळ ‘जाणे’ या क्रियापदालाच लागून मोकळा झाला, म्हणजे जाणे घडले. पुढचा नकार केवळ दुजोरा मागतो. वरिष्ठांशी बोलताना हे रूप जपून वापरावे. शेवटी ‘-यो’ असले तरी ‘मी आधीच सांगितले होते’ असा सूर त्यात येतो.

अक्षरयात्री

‘भूतकाळ कुठे लागला’ हा निकष फार उपयोगी आहे. त्याला जोडून लांब रचनेचा एक असा फायदा सांगतो, जो लहान रचनेत मिळत नाही. ‘सगळे आले नाहीत’ हे मराठी वाक्य संदिग्ध आहे : कोणीच आले नाही, की काही आले आणि काही राहिले? कोरियनमध्ये ‘ता आन्वास्सॉयो’ तितकेच संदिग्ध आहे. पण लांब रचनेतल्या ‘-जी’ला ‘नुन’ हा भेददर्शक प्रत्यय लावता येतो. ‘ता ओजीनुन आनास्सॉयो’ म्हटले की अर्थ निश्चित होतो : काही आले, सगळे नाही. ‘कोणीच आले नाही’ म्हणायचे असेल तर ‘आमुदो आन्वास्सॉयो’. हा ‘आमुदो’ आपल्या ‘कोणीही’सारखा नकाराशी जोडीने येतो. ‘प्यॉल्लो’ म्हणजे ‘फारसे’, तेही तसेच : ‘फारशी थंडी होती’ असे आपण म्हणत नाही, ‘फारशी थंडी नव्हती’ म्हणतो, कोरियनमध्येही ‘प्यॉल्लो आन छुवॉस्सॉयो’.

विशेषण लांबलचक असेल, तर त्याच्याआधी ‘आन’ ठेवलेले कानाला खटकते. ‘सुंदर नव्हते’ यासाठी ‘आरुम्दाप्ची आनास्सॉयो’ हीच रचना स्वाभाविक. विशेषणांसोबत लहान ‘मोत्’ तर वापरतच नाहीत.

नवशिकी

वाचलेले पक्के व्हावे म्हणून काही वाक्ये लिहिली आहेत, तपासून द्यावीत, ही विनंती.

‘ऑजे आन गोंग्बुहॅस्सॉयो.’ (काल अभ्यास केला नाही.) ‘कुत्ते हाक्सॅंगी आन इऑस्सॉयो.’ (तेव्हा विद्यार्थी नव्हते.) ‘पाप्पासॉ मोत् क्कास्सॉयो.’ (कामामुळे जाता आले नाही.) ‘मोत् क्कास्सॉसॉ च्वेसोंगहाम्निदा.’ (येता आले नाही, क्षमस्व.) ‘छिंगुरुल मान्नाजी मोथॅस्सॉयो.’ (मैत्रिणीला भेटता आले नाही.)

सुवॉनवासी

तिसरे आणि पाचवे वाक्य निर्दोष आहे. पहिल्यात वर सांगितलेला ‘हादा’चा नियम लावावा : ‘ऑजे कोंग्बु आन हॅस्सॉयो’. दुसऱ्या वाक्यात ‘अमुक असणे’ याचा नकार आहे, आणि त्यासाठी ‘आन’ चालत नाही. ‘आनिदा’ हे स्वतंत्र क्रियापद आहे, म्हणून ‘हाक्सॅंगी आनिऑस्सॉयो’. चौथ्यात कारण सांगणारा ‘-सॉ’ हा प्रत्यय आहे आणि त्याच्याआधी भूतकाळ लावत नाहीत, घटना होऊन गेलेली असली तरीही : ‘मोत् क्कासॉ च्वेसोंगहाम्निदा’. हे वाक्य जसेच्या तसे पाठ करून ठेवावे, कोणतेही आमंत्रण चुकल्यावर ते लागते.

तळेगावचा दुभाषी

नवशिकी पुढे टोपिकच्या दुसऱ्या स्तराकडे वळतील, तेव्हा एक बदल ध्यानात असू द्यावा. तिथे लेखन असते, आणि शेवटचा प्रश्न ६०० ते ७०० अक्षरांच्या निबंधाचा असतो. त्या निबंधात ‘-यो’ही चालत नाही आणि ‘-सुम्निदा’ही नाही, छापील लेखनाची तटस्थ शैली अपेक्षित असते : ‘काजी आनात्ता’, ‘काजी मोथॅत्ता’. इतके दिवस आदर शिकवून परीक्षेत तो काढून टाकायला सांगतात, हे विचित्र वाटते खरे, पण निबंधात समोर कोणी ऐकणारा नसतो, असा त्यामागचा संकेत आहे.

नवशिकी

सर्व दुरुस्त्या वहीत उतरवल्या. शेवटची शंका : ‘मोथॅस्सॉयो’ हे कधी जोडून आणि कधी तोडून छापलेले दिसते. तो छपाईचा दोष समजावा का?

अक्षरयात्री

नाही, तो अर्थभेद आहे. ‘मोत्’ आणि ‘हॅस्सॉयो’ तोडून लिहिले, तर ‘करता आले नाही’ : पाहुणे आले, वीज गेली, म्हणून अभ्यास करता आला नाही. जोडून लिहिले, तर ‘मोथादा’ हे एकच क्रियापद होते आणि त्याचा अर्थ ‘नीट न जमणे, त्यात कच्चे असणे’ असा होतो. ‘कोंग्बुरुल मोथॅस्सॉयो’ जोडून लिहिले की शाळेत अभ्यासात कच्चे होतो, असा कबुलीजबाब तयार होतो. ‘-जी’च्या पुढे मात्र ते नेहमी जोडूनच येते. उच्चार दोन्हींचा सारखाच असतो, त्यामुळे बोलताना संदर्भावर सोडावे लागते. ज्यांना तेही नको असेल, त्यांनी ‘कोंग्बुहाजी मोथॅस्सॉयो’ म्हणावे, त्यातून ‘कच्चे होतो’ असा अर्थ निघत नाही.